ध्वनीला वळण लावणारी रचना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात ध्वनीच्या मेटामटेरियलवर, म्हणजे ज्यांचे गुण त्यांच्या द्रव्यापेक्षा त्यांच्या आतल्या घडणीतून येतात अशा रचनांवर, माझा लेख प्रसिद्ध झाला होता. प्लास्टिक, रबर, पोलाद असे नेहमीचेच साहित्य घेऊन तरंगलांबीच्या मानाने लहान कप्प्यांची मांडणी केली, तर ध्वनी थोपवता येतो, वळवता येतो आणि हव्या त्या वाटेने नेता येतो, असे मी त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न येथे घेतले आहेत. संगणकाने काढलेल्या ‘इष्टतम’ रचनेविषयीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आपल्या लेखात ‘उणे घनता’ हा शब्द आला आहे. वजनकाट्यावर उणे वजन दाखवणारी वस्तू जगात नाही. मग हा केवळ गणिताचा खेळ समजायचा का? विद्यार्थ्यांना दाखवता येईल असे यात काही आहे का? (निवृत्त विज्ञानशिक्षक, सातारा)

उत्तर : दाखवता येईल, आणि त्यासाठी एक कुलूप आणि तीन-चार रबरबँड पुरेसे आहेत. रबरबँड एकमेकांत अडकवून त्यांची माळ करावी, खालच्या टोकाला कुलूप लावावे आणि वरचे टोक बोटांत धरावे. हात अगदी सावकाश वर-खाली केला तर कुलूप हाताबरोबरच वर-खाली होते. वेग वाढवत नेला की एका ठरावीक तालाला ते जोरात नाचू लागते. कुलपाच्या वजनाने माळ सुमारे १० सेंटिमीटर ताणली गेली असेल, तर हा ताल सेकंदाला साधारण दीड हेलकाव्यांचा असतो. आता हात त्याहून थोडा जलद हलवावा आणि नजर कुलपावर ठेवावी. हात वर जातो तेव्हा कुलूप खाली येते, आणि हात खाली येतो तेव्हा ते वर जाते.

हीच जोडी एखाद्या बंद डब्यात आहे अशी कल्पना करावी. बाहेरच्या माणसाला कुलूप दिसत नाही, तो फक्त डबा हलवतो आहे. त्या ठरावीक तालाच्या किंचित वर आतले कुलूप डब्याला इतक्या जोराने उलट ओढते की डब्याचे त्वरण बाहेरून लावलेल्या बलाच्या विरुद्ध दिशेला येते. बलाला त्वरणाने भागले की वस्तुमान मिळते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवलेच आहे. येथे तो भागाकार उणे येतो. वजनकाट्यावर मात्र काहीच हलत नसते, त्यामुळे तेथे डब्याचे वजन नेहमीसारखेच भरते. उणेपणा वस्तूचा नाही, तो त्या वारंवारतेपुरता त्या वस्तूने दिलेला प्रतिसाद आहे.

हाँगकाँगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील पिंग शेंग यांच्या गटाने २००० साली नेमकी हीच रचना घन रूपात करून दाखवली. १ सेंटिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांवर अडीच मिलीमीटर जाडीचा सिलिकोन रबराचा थर दिला आणि असे गोळे इपॉक्सीत दीड सेंटिमीटरच्या आसपास अंतराने बसवले. गोळा म्हणजे कुलूप, मऊ रबर म्हणजे माळ आणि इपॉक्सी म्हणजे डबा. साधारण ४०० हर्ट्झच्या सुमारास हा ठोकळा ध्वनीला जाऊ देईनासा झाला. त्या स्वराची हवेतली तरंगलांबी ८६ सेंटिमीटर असते आणि कप्पा मात्र दीड सेंटिमीटरचा. लहान कप्प्याने मोठ्या तरंगाला अडवले, हे त्या प्रयोगाचे खरे मोल आहे.

प्रश्न : ध्वनी थोपवणारी रचना आणि ध्वनीला वाट काढून देणारी रचना या वेगवेगळ्या असतात का? (वास्तुरचनाकार, पणजी)

उत्तर : बहुतेक वेळा थोपवण्यातूनच वाट काढली जाते. माद्रिदमध्ये एउसेबियो सेम्पेरे या शिल्पकाराचे, उभ्या पोकळ पोलादी नळ्यांचे एक शिल्प आहे. नळ्या २.९ सेंटिमीटर व्यासाच्या आहेत आणि चौकोनी जाळीत १० सेंटिमीटर अंतरावर उभ्या आहेत. १९९५ साली स्पॅनिश संशोधकांनी त्यातून जाणारा ध्वनी मोजला, तेव्हा सुमारे १,६७० हर्ट्झचा स्वर पलीकडे बराच क्षीण होऊन पोहोचतो असे आढळले. कारण कागदावर दोन ओळींत मांडता येते. नळ्यांच्या लागोपाठच्या ओळींवरून परतणारे तरंग एकमेकांना बळ देतात ते दोन ओळींतले अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे असताना. १० सेंटिमीटरच्या दुप्पट २० सेंटिमीटर, आणि ३४३ मीटर या ध्वनिवेगाला त्याने भागले की १,७१५ हर्ट्झ येतात. मोजलेला आकडा याच्या अगदी जवळ आहे.

आता अशा जाळीतून नळ्यांची एक रांग काढून टाकली आहे असे समजावे. त्या स्वराला दोन्ही बाजूंच्या जाळीत शिरता येत नाही, म्हणून तो मोकळ्या रांगेतूनच पुढे जातो. रांग काटकोनात वळवली तर तोही वळतो, मात्र कोपऱ्यावर त्याचा काही भाग मागे परततो. तो परतावा कमी करण्यासाठी कोपऱ्याजवळच्या नळ्या कोठे असाव्यात, किती जाड असाव्यात, हे ठरवणे म्हणजेच इष्टतम रचनेचा प्रश्न.

दुसरी वाट अडवण्याची नसून हळूहळू वळवण्याची आहे, आणि ती निसर्गात आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. नदीपलीकडच्या देवळातले भजन दिवसा ऐकू येत नाही, पण निरभ्र रात्री त्याचे शब्दही कळतात. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. उबदार हवेत ध्वनी जलद जातो, म्हणून वर निघालेले तरंग वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. हेच वाकवणे कारखान्यात करायचे तर हवेचे तापमान बदलत बसण्याची गरज नसते. कप्प्यांतली हवेची वाट नागमोडी केली आणि ती सरळ अंतराच्या चौपट लांब ठेवली, तर त्या कप्प्यातून ध्वनी चौपट सावकाश गेल्यासारखा वागतो. शेजारच्या कप्प्यात ही पट थोडी कमी, त्याच्या शेजारी आणखी कमी, असे करत गेले की पट्टीएवढ्या जाडीत ध्वनीसाठी भिंग तयार होते. आपल्या क्षेत्रात, म्हणजे सभागृहांच्या छतात आणि भिंतींत, मला या दुसऱ्या प्रकाराची अधिक आशा वाटते.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात ध्वनी ९० अंशांत वळवणारी रचना संगणकाकडून काढून घ्यायची आहे. संगणकाने काढलेली इष्टतम रचना खरोखर सर्वोत्तम असते का? आणि लाखो शक्यतांतून तो ती शोधतो कशी? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : शक्यता लाखांत मोजण्यासारख्या नसतात. १०० गुणिले १०० चौकटींची जागा घेतली आणि प्रत्येक चौकट एकतर प्लास्टिक किंवा हवा असे ठरवले, तरी होणाऱ्या रचनांची संख्या लिहायला तीन हजारांहून अधिक अंक लागतात. त्या एकेक करून तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून पहिली युक्ती अशी, की चौकटीला तात्पुरते ‘अर्धे प्लास्टिक, अर्धी हवा’ असेही राहू द्यायचे. मग प्रत्येक चौकटीत प्लास्टिक किंचित वाढवल्याने वळून येणारा ध्वनी वाढतो की घटतो, हे विचारता येते. दुसरी युक्ती मला आजही सुंदर वाटते. दहा हजार चौकटींसाठी हा प्रश्न दहा हजार वेळा सोडवावा लागत नाही. तरंगाचे गणित एकदा उगमाकडून ऐकण्याच्या जागेकडे आणि एकदा ऐकण्याच्या जागेकडून उगमाकडे, असे दोनदाच सोडवले, की त्या दोन उत्तरांच्या गुणाकारातून सगळ्या चौकटींचा कल एकदम हाती येतो. त्या कलानुसार रचना थोडी बदलायची, पुन्हा दोनदा गणित करायचे, आणि असे काही शे वेळा करत जायचे. शेवटी अर्धवट चौकटींना दंड लावून त्यांना पूर्ण प्लास्टिक किंवा पूर्ण हवा व्हायला भाग पाडायचे. पूल आणि यंत्रभागांसाठी ही विचारसरणी मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी १९८८ मध्ये मांडली. तरंग अडवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या रचनांसाठी ती डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील ओले सिगमुंड आणि याकोब येन्सन यांनी २००३ मध्ये वापरून दाखवली.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येते. या रीतीने मिळालेले उत्तर सर्वोत्तम असल्याची हमी नसते. डोंगरात धुके असताना पायाखालच्या चढावरून वर जात राहावे, तसे हे आहे. आपण एखाद्या शिखरावर पोहोचतो, पण ते सर्वांत उंच शिखर आहे की नाही हे तेथून दिसत नाही. म्हणून वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन पुन्हापुन्हा गणित चालवावे लागते. तरीही माझी खरी काळजी वेगळी आहे. संगणक आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर शोधतो, आणि आपण प्रश्नात जे घातले नाही त्याची तो किंचितही फिकीर करत नाही.

याचे एक उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगते. स्पेनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाला ध्वनीपासून लपवणारे आवरण तयार केले. गोलाभोवती ६० कडी एकाच अक्षावर बसवलेली होती, आणि प्रत्येक कड्याची त्रिज्या व जागा संगणकाने शोधून काढली होती; त्यासाठी जनुकीय शोधपद्धती आणि धातू सावकाश थंड करण्याच्या प्रक्रियेवरून बेतलेली शोधपद्धती यांचा मेळ घातला होता. ८,५५० हर्ट्झला गोलावरून विखुरणारा ध्वनी मोजमापात ९० टक्क्यांनी घटला. हे मोठेच यश होते, आणि कडी साध्या कठीण पदार्थाची असूनही ते साधले होते. पण ते एका दिशेने येणाऱ्या ध्वनीपुरते होते आणि त्याचा पट्टा १२० हर्ट्झ रुंद होता, म्हणजे मध्यापासून इकडे ६० आणि तिकडे ६०.

हे ६० हर्ट्झ म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा. ८,५५० च्या तुलनेत ते ०.७ टक्का होतात. हवेतला ध्वनीचा वेग दर अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो; ३४३ मीटरचा ०.७ टक्का म्हणजे २.४ मीटर, म्हणजे फक्त ४ अंशांचा फरक. नाशिकला मार्च महिन्यात सकाळी आठला जुळवलेले असे आवरण दुपारी बारापर्यंत आपल्या पट्ट्याबाहेर गेलेले असेल. संगणकाची यात चूक नाही. तापमान बदलते, ही गोष्ट त्याला दिलेल्या प्रश्नात नव्हती. याउलट ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये, भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांचे थर पिरॅमिडच्या आकारात रचून, जमिनीवर ठेवलेली वस्तू लपवणारे आवरण केले गेले. त्यात अनुनादावर, म्हणजे कुलपासारखे एका ठरावीक तालाला जोरात नाचण्यावर, भर नव्हता, म्हणून ते बऱ्याच रुंद पट्ट्यात आणि सगळ्या बाजूंनी चालले. त्या बदल्यात लपवायच्या वस्तूपेक्षा आवरण बरेच मोठे ठेवावे लागले.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे हवेचा चिकटपणा. भिंतीला लागून असलेली हवा ध्वनीबरोबर मोकळेपणी हलत नाही. १,००० हर्ट्झला हा अडखळणारा थर सुमारे ०.०७ मिलीमीटर जाडीचा असतो. मोठ्या नळीत त्याचा विचार न केला तरी चालते. पण अर्धा मिलीमीटरच्या फटीत दोन्ही भिंतींचे थर मिळून फटीचा चौथ्याहून अधिक भाग व्यापतात, आणि तेथे ध्वनीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. चिकटपणा न धरता संगणकाला मोकळे सोडले, तर तो हौसेने बारीक फटी काढतो, कारण कागदावर त्या फुकट असतात.

हे मी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने ध्वनी वळवणारी एक नागमोडी रचना काढली, तिच्यात ०.८ मिलीमीटरच्या फटी होत्या आणि गणितात जवळजवळ सगळा ध्वनी वळत होता. थ्रीडी प्रिंटरवर छापून आलेल्या नमुन्याने मात्र निम्माही ध्वनी वळवला नाही. दोन आठवडे आम्ही मायक्रोफोन आणि तारा तपासत राहिलो. शेवटी एका विद्यार्थ्याने नमुना करवतीने मधोमध कापला, तेव्हा आतल्या वळणांवर वितळून लोंबलेले प्लास्टिकचे केसासारखे धागे दिसले, आणि दोन फटी तर पूर्ण बुजलेल्या होत्या. त्यानंतर आम्ही प्रत्येक रचनेचे गणित तिहेरी करतो. जशी आखली तशी, छपाईत सगळ्या भिंती थोड्या जाड आल्या तर कशी, आणि थोड्या बारीक आल्या तर कशी, असे तिन्ही घेऊन त्यांतल्या सर्वांत वाईट आकड्याला सुधारायला संगणकाला सांगतो. या रीतीने मिळालेला आकडा कागदावर पहिल्यापेक्षा कमी दिसतो, पण छापलेल्या वस्तूत तो बराचसा टिकतो.

तेव्हा आपल्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहिल्याशिवाय संगणक सुरू करू नये, असा माझा आग्रह आहे : वारंवारतेचा पट्टा कोठून कोठपर्यंत, जागा किती, सर्वांत बारीक फट किती, आणि प्रयोगशाळेचे तापमान किती अंशांनी बदलते. वळण एकाच स्वरावर ९९ टक्के चालण्यापेक्षा अर्ध्या सप्तकावर ८० टक्के चालले, तर मी ती रचना अधिक चांगली मानेन. परीक्षकांनी कारण विचारले तर वरचा ४ अंशांचा हिशेब त्यांना करून दाखवावा.

प्रश्न : ध्वनी एकाच दिशेने जाईल आणि परत येणार नाही, अशी नळी करता येते का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : स्थिर भिंतींची आणि साध्या, क्षीण ध्वनीसाठीची रचना कितीही नागमोडी केली तरी एका टोकाच्या बोलण्याचे दुसऱ्या टोकाला जेवढे ऐकू येते तेवढेच उलटही येते, हा परस्परतेचा नियम आहे. तो मोडायचा तर माध्यमालाच हलवावे लागते. टेक्सास विद्यापीठात २०१४ मध्ये एका गोल पोकळीतली हवा छोट्या पंख्यांनी फिरती ठेवून, तीन तोंडांपैकी एका तोंडातून आलेला ध्वनी ठरावीक दुसऱ्याच तोंडातून बाहेर काढला गेला, आणि उलट दिशेचा ध्वनी ४० डेसिबलपर्यंत, म्हणजे तीव्रतेच्या दहा हजाराव्या हिश्शापर्यंत, दाबला गेला.

प्रश्न : विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते. आपले पूर्वज मेटामटेरियल वापरत होते असे म्हणता येईल का? (वाचक, मिरज)

उत्तर : नाही, आणि असे म्हटल्याने त्या इमारतीचे वेगळेपण उलट झाकले जाते. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे, आणि कुजबुजीच्या तरंगलांब्या काही सेंटिमीटरच्या. येथे रचना तरंगापेक्षा शेकडो पटींनी मोठी आहे. मेटामटेरियलमध्ये नेमके उलट असते. घुमटात कुजबुज गोल भिंतीला धरून सरकते आणि सगळ्या जागेत न पसरता भिंतीलगतच्या पातळ पट्ट्यात राहते, म्हणून ती दूरवर टिकते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील अशाच सज्जाचे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी दिले होते, आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये सदरलँड यांच्यासह तेथे जाऊन निरीक्षणे केली होती. ध्वनीला वाट दाखवण्याच्या विद्येत गोलघुमटाला मानाचे स्थान आहेच; त्याला नवे नाव देण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : आमचे घर हमरस्त्यावर आहे. बसगाड्यांच्या घरघरीचा फार त्रास होतो. एका जाहिरातीत २ सेंटिमीटर जाडीचा मेटामटेरियलचा पत्रा ‘सगळा आवाज शोषून घेतो’ असे लिहिले आहे. तो घ्यावा का? (गृहिणी, पुणे)

उत्तर : आपल्याला होणारा त्रास खरा आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. शोषणे आणि अडवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भिंतीला लावलेला शोषक पत्रा खोलीत आलेल्या आवाजाचा घुमारा कमी करतो. बाहेरून आत येणारा आवाज त्याने थांबत नाही. त्यासाठी आधी खिडकीच्या चौकटीतल्या फटी बंद कराव्यात आणि काच जड करावी, कारण आवाजाच्या आड येणाऱ्या काचेचे किंवा भिंतीचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि उघड्या फटीपुढे कोणत्याही वजनाचा उपयोग होत नाही.

राहिला शोषण्याचा दावा. पिंग शेंग यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले की, वीज न लावता चालणाऱ्या कोणत्याही शोषकाला, त्याची घडण कितीही चतुर असली तरी, एक किमान जाडी लागतेच. ती ओलांडता येत नाही याचे कारण मुळातले आहे : ध्वनी येऊन पोहोचण्यापूर्वी कोणतीही वस्तू त्याला प्रतिसाद देऊ शकत नाही. त्यांच्या सूत्राने मी आपल्यासाठी आकडे काढले. ते कठीण भिंतीवर बसवलेल्या, आत हवा असलेल्या रचनेचे आहेत. १०० ते १,००० हर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात ९० टक्के शोषण हवे असेल तर किमान १८ सेंटिमीटर जाडी लागते. १०० ते २०० हर्ट्झचे एकच सप्तक सोडून दिले तर ८ सेंटिमीटर पुरतात. खर्च सगळा खर्जातल्या स्वरांचा आहे, आणि बसची घरघर बरीचशी खर्जातच असते.

२ सेंटिमीटरमध्ये काय बसते, तेही याच सूत्रातून निघते. ती जाडी सगळी वरच्या स्वरांवर खर्च केली तर सुमारे १,००० हर्ट्झच्या वरचे सगळे स्वर ९० टक्के शोषता येतील. खालच्या स्वरांवर खर्च केली तर १२५ ते १४३ हर्ट्झ एवढा अरुंद पट्टा. दोन्ही एकदम मिळणार नाही. विक्रेत्याकडे ‘सगळा आवाज’ या शब्दांऐवजी वारंवारतेनुसार शोषणाचा आलेख मागावा, त्यातले १२५ आणि २५० हर्ट्झचे आकडे पाहावेत, आणि त्याने आपले २ सेंटिमीटर यांपैकी कोठे खर्च केले आहेत ते विचारावे.